फरसाण नको, पाव नको

आमच्या ह्यांना साखर निघाली, त्या वर्षी नारायणगावातल्या निम्म्या हॉटेलवाल्यांशी माझं भांडण झालं. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. आम्ही वारूळवाडीला राहायचो. हे पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. जळालेल्या मोटारीची तार काढून नवी भरायची, बेअरिंग बदलायचं आणि नदीकाठी जाऊन मोटार चालू करून द्यायची. जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुक्यांतून बोलावणी यायची. असा माणूस दुपारी घरी थोडाच जेवतो? कुठे भजी-पाव, कुठे मिसळ, आणि मोटारीनं पाणी फेकलं की शेतकरी खुशीत चहा पाजणार. तोही असा गोड की कपाच्या तळाशी साखर उरावी.

डॉक्टरांनी आधी गोळ्या दिल्या. हे सकाळी गोळी घ्यायचे आणि दुपारी जिलेबी खायचे. वर मलाच सांगायचे, "गोळी घेतलीय की. ती बघंल काय करायचं ते." वर्षभरात पायाला झालेली एक साधी जखम भरेना, तेव्हा डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली. सकाळी एक, संध्याकाळी एक. टोचायचं काम माझ्याकडे आलं. त्याबरोबर ह्यांच्या खाण्याचा सगळा कारभारही माझ्याकडे आला, असं मीच ठरवून टाकलं.

खरं सांगायचं तर मी घाबरले होते. माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा याच दुखण्यानं गेला. आधी पाय काढला, मग नजर गेली, मग माणूसच गेला. बहिणीच्या घरातले ते दिवस मी जवळून पाहिले होते. मी घाबरले की माझा आवाज चढतो. लोकांना वाटतं, बाई भांडकुदळ आहे. तसं ते खोटंही नाही.

स्टँडजवळ एक फरसाणाचं दुकान होतं. आत चार टेबलं, आणि बाहेरच्या ओट्यावर मिसळीची पातेली रांगेनं मांडलेली. मटकीची उसळ, पोहे, बटाट्याची भाजी, फरसाण, कांदा, दही, आणि शेवटी उकळता रस्सा. गिऱ्हाइकासमोरच ताटली भरत जायची. मालक जैन होते. आजोबा राजस्थानातून आलेले, पण स्वतः मालक बोलायला आमच्यासारखेच. दुसऱ्या हॉटेलात मी काही सांगायला गेले की उत्तर मिळायचं, "बाई, मिसळ म्हंजी मिसळ. घ्यायची तर घ्या." इथले मालक मात्र ह्यांचं दुखणं, इंजेक्शनं, सगळं शांतपणे ऐकायचे. त्यांच्या घरचीच माणसं कांदा नको, लसूण नको, बटाटा नको म्हणणारी. मागेल तशी ताटली भरायची त्यांच्या हाताला सवय होती.

मी ह्यांना घेऊन गेले की पातेल्यांपुढे उभी राहून हुकूम सोडायची. "उसळ दुप्पट. पोहे नको. बटाटा नको. फरसाण नको. रस्सा वरचा तवंग बाजूला सारून खालचा घ्या. पाव नको. दही घाला, काकडी चिरून द्या." पावाऐवजी पिशवीतून घरची अर्धी भाकरी निघायची.

हे ताटलीकडे बघत बसायचे. "ही काय मिसळ न्हाई," एकदा सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही आजाऱ्याची मटकी हाय."

सगळे हसले. मी नाही हसले. पण तीन महिन्यांनी रक्त तपासलं तेव्हा आकडा बराच खाली आला होता आणि डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. तिथंच घात झाला. मला वाटायला लागलं की जितकं काढून टाकू तितकं चांगलं.

मग एकदा हे कामावरून आले तर शर्टाला तळणाचा वास. मी विचारलं, ते नाही म्हणाले. मी पुन्हा विचारलं. शेवटी कबूल केलं की कळंबला चार बटाटेवडे खाल्ले, आणि गरमागरम होते म्हणून पाचवाही. मी रडले, भांडले, आणि मग एक गोष्ट केली. ह्यांचा हात ओढून माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हटलं, "माझी शपथ आहे. मी नको म्हटलेलं तोंडात घालाल तर माझं मेलेलं तोंड बघाल."

ह्यांचा चेहरा उतरला. उघड्या तारांना हात घालणारा माणूस, पण शपथेला भ्यायचा. आमच्याकडे शपथ ही बोलायची गोष्ट नाही. ज्यानं घातली त्यानंच 'सुटली' म्हटल्याशिवाय ती सुटत नाही. "आसं वंगाळ बोलू नये," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून शर्टाला वास आला नाही. मला वाटलं, जिंकले.

हे लग्नाच्या आधीपासून संकष्टी धरायचे. चंद्र दिसेपर्यंत जेवण नाही, पण दिवसा उपवासाचं चालायचं. म्हणजे साबुदाण्याची खिचडी ताट भरून, वर दही. इंजेक्शन सुरू झाल्यावरच्या दोन-तीन संकष्ट्या अशाच गेल्या. मग दवाखान्याच्या भिंतीवरच्या तक्त्यात मी वाचलं की साबुदाणा म्हणजे नुसतं पीठ, साखर वाढवणारं. झालं. पुढच्या संकष्टीला साबुदाण्यावर आणि भगरीवरही फुली.

त्या सकाळी आठ वाजता मी नेहमीसारखं इंजेक्शन दिलं. तेवढंच, एक थेंब कमी नाही. उपवास आहे म्हणून औषध चुकवायचं, असला आळस माझ्या स्वभावात नाही. उलट मनात आलं, आज पोटाला विसावा आणि वर औषध, म्हणजे साखर छान उतरेल.

ह्यांना डिंभ्याला धरणाच्या पाण्याकाठी एक मोटार बसवायची होती. मला नारायणगावात ब्लाउजपिसांना अस्तर घ्यायचं होतं. मोटारसायकलवरून दोघं फरसाणाच्या दुकानापाशी उतरलो. चतुर्थी असल्यानं ओट्यावर उपवासाची मिसळ होती. साबुदाणा खिचडी, त्यावर बटाट्याचा कीस, शेंगदाण्याची आमटी, दही. ह्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

"साबुदाणा नको," मी मालकांना म्हटलं. "कीस नको. आमटी अर्धी वाटी द्या आणि बिनसाखरेचं ताक."

मालक हातात डाव धरून क्षणभर थांबले. पण गिऱ्हाइकांची रीघ होती. त्यांनी आमटी वाढली. ह्यांनी ती दोन घोटांत संपवली, ताक प्यायले आणि मोटारसायकलला किक मारून निघून गेले.

अस्तर घेऊन मी परत आले तेव्हा अकरा वाजले होते. गर्दी ओसरली होती. मालक म्हणाले, "वहिनी, सकाळपासून विचारीन म्हणतोय. भाऊंचं इंजेक्शन आज बंद ठेवलं ना?"

"बंद कशाला?" मी म्हटलं. "औषध मी कधी चुकवत नाही."

त्यांनी डाव पातेल्यात टाकला. "इंजेक्शन दिलं आणि पोटात काही नाही?"

मग त्यांनी आईची हकिकत सांगितली. त्यांची आईही इंजेक्शनवर होती आणि घरात उपवास कडक, नुसत्या उकळलेल्या पाण्यावरचे. म्हणून उपवास आला की इंजेक्शन किती द्यायचं ते आधी डॉक्टरांना विचारून यायचे. एकदा ते राहिलं. आई देवळाच्या पायरीवर बसली ती उठेचना. अंगाला घाम, तोंडात भलतंच बोलणं, आणि मग शुद्धच गेली. "इंजेक्शन साखर खाली ओढतं, वहिनी. पोटात काही नसेल तर ते ओढतच राहतं."

मी एवढी तक्ते वाचणारी, हे मला कसं कळलं नव्हतं?

मालकांनी स्वतःच घोडेगावच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात फोन लावला. हे तिथूनच वायर घ्यायचे. पलीकडून उत्तर आलं, "घंटा झाला, गेले म्होरं. बरे व्हते. पर घाम लई येत व्हता त्यास्नी." मालकांनी जिलेबीचा पुडा बांधून माझ्या हातात कोंबला. "दिसले की आधी हे तोंडात घाला. उपवास मोडला तर मोडला."

मंचरची एसटी लगेच मिळाली. मंचरहून घोडेगावला जीप मिळाली. घोडेगावात मात्र सगळं अडलं. डिंभ्याची गाडी दोनला आणि स्टँडबाहेरची जीप अर्धी रिकामी. ड्रायव्हर बॉनेटला टेकून तंबाखू मळत होता. "मावशी, आजून चार शिटा व्हायच्यात," म्हणाला.

मी त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. "माझा माणूस तिकडे मरायला टेकलाय," मी म्हटलं. "आणि ते माझ्यामुळे. गाडी काढ."

त्यानं तंबाखू तशीच फेकली आणि चावी फिरवली. वाटेत मी खिडकीतून प्रत्येक चारी, प्रत्येक मोरी बघत होते. कुठे मोटारसायकल आडवी पडलेली दिसेल, या भीतीनं डोळे मिटावेसे वाटत होते आणि मिटता येत नव्हते. पुड्यातून पाक झिरपून माझ्या पदराला लागला. मी गणपतीला काही बोलले नाही. त्याच्याच उपवासापायी हे झालं, म्हणून त्याच्यावरही माझा राग होता.

डिंभ्याला रस्त्याच्या कडेला मोटारसायकल स्टँडवर उभी दिसली आणि माझ्या जिवात जीव आला. खाली पाण्याकडे पळत गेले. पंपाच्या पेटीशेजारी बाभळीला टेकून हे बसले होते. नटबोल्टचे पाने हातात होते, आणि समोर तिघं जण हसत उभे होते.

"वहिनी, न्या ह्यास्नी घरला," त्यातला एक म्हणाला. "दिवसाउजेडी टाईट झाल्यात पावणं. वायर कुठं जोडायची ते बी कळंना राव."

जन्मात दारूला न शिवलेला माझा नवरा! शर्ट पाण्यातून काढल्यासारखा भिजला होता. हात थरथरत होते. माझ्याकडे बघत होते, पण ओळख दिसत नव्हती.

मी जिलेबी मोडून ह्यांच्या ओठांशी नेली. ह्यांनी तोंड फिरवलं. मी हनुवटी धरली. दात घट्ट मिटलेले. "खा," मी ओरडले. "अहो, खा! खायचंय हे!" मी जितकी ओरडले तितके दात आवळत गेले. त्या तिघांचं हसणं थांबलं. पाक ह्यांच्या हनुवटीवरून गळत होता आणि एक कण आत जात नव्हता. मान मागे कलायला लागली होती. तेवढ्यात मिटल्या दातांतून ह्यांनी काहीतरी म्हटलं. मी कान जवळ नेला.

"शपथ," हे म्हणत होते. "शपथ हाय."

मला जन्मात इतकी लाज वाटली नव्हती.

"सुटली," मी म्हटलं. "अहो, सुटली. शपथ सुटली." तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा दात उघडले. मी इवलाले तुकडे करून घालत गेले आणि हे गिळत गेले. ज्यांची मोटार होती त्या घरची बाई तांब्याभर गुळाचं पाणी घेऊन धावत आली. तेही थोडं थोडं पाजलं. पंधरा-वीस मिनिटांनी ह्यांनी डोळे चोळले, माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "तू हितं कवा आलीस?"

मी पदरात तोंड खुपसून रडले. ती बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत सांगत होती, "ताई, चतुर्थी म्हनून म्या भगर वाढली व्हती वो. पाटावर बसले, ताटाकडं बघितलं, आन् उठले. म्हनले, मला न्हाई चालत."

मोटारसायकल तिथेच ठेवून त्याच जीपनं आम्ही घोडेगावच्या दवाखान्यात निघालो. जीप भरली होती. कडेला ह्यांना बसवून मी शेजारी टेकले. पदरानं ह्यांच्या हनुवटीवरचा पाक पुसला. मग मी हळूच विचारलं, "अंगात काहीतरी होतंय, हे तुम्हाला कळत होतं ना?"

"कळत व्हतं. हातपाय कापत व्हते."

"भगर समोर होती."

"व्हती."

"मग खाल्ली का नाही?"

हे बाहेर बघत होते. मोटारीतला बिघाड सांगताना बोलायचे तशाच साध्या आवाजात म्हणाले, "आन् तुला काय झालं आसतं म्हंजी?"

जीपमध्ये अनोळखी माणसं होती, दोन म्हाताऱ्या आमच्याकडेच बघत होत्या. तरी मी ह्यांचा हात हातात घेतला आणि दवाखाना येईपर्यंत सोडला नाही.