फौजदारणीचा फिल्टर

माझ्या धाकट्या जावेला सगळे फौजदारीण म्हणतात. अंथरुणाला खिळलेल्या तिच्या नवऱ्याला विरंगुळा म्हणजे टाकीतला एकुलता एक लांब पंखांचा मासा. त्याच्यासाठी फिल्टर घ्यायला आम्ही दोघी गेलो.

दुकानदार म्हणाला, "बाई, लांब पंखांच्या माशाला पाण्याचा जोर सोसत नाही. स्पंजाचा साधा फिल्टर न्या."

"हलका माल गळ्यात मारतोस होय रे? तो सगळ्यात मोठा काढ!"

घरी फिल्टर सुरू केला, तर मासा ओढला जाऊन फिल्टरच्या तोंडालाच चिकटला.

दीर ओरडला, "मारतेस का त्याला?"

तिने प्लग उपटला. मासा सुटला, पण पंख फाटला. ती तडक जाऊन स्पंजाचा घेऊन आली आणि नवऱ्याला म्हणाली, "त्या मेल्याने मघाशी चुकीचा दिला होता."

मी गप्प बसले. मला त्याच घरात राहायचंय.