खाचरातला थ्रोबॉल

चेंडू हातात आला की भागीबाई आधी नाव घ्यायच्या, मग फेकायच्या. "सावळी, धर!" खोडाळ्यात बायकांना त्यांच्या नावानं कोण हाक मारतं? सगळ्या कुणाच्या तरी आया, कुणाच्या तरी सासवा. भागीबाईंनी मात्र सगळ्यांना बजावलं होतं, "पोरांची नावं घरी ठेवायची. हितं आपापल्या नावानं खेळायचं."

आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात उभा जन्म भाकऱ्या थापून त्या निवृत्त झाल्या, तेव्हा उजवा खांदा पार आखडला होता. जव्हारच्या डॉक्टरांनी हात हलवत राहायला सांगितलं. घरात एकटीनंच हात हलवण्यात त्यांना काही राम वाटेना. आश्रमशाळेतल्या मुली थ्रोबॉल खेळायच्या. चेंडू झेलायचा, नेटपलीकडे टाकायचा, धक्काबुक्की नाही. भागीबाईंनी तोच धरला. भात कापून रिकाम्या झालेल्या आपल्या खाचरातली ढेकळं फोडली, दोन बांबू रोवले आणि मुलींनी टाकून दिलेलं नेट सांधून बांधलं.

मी नुकतीच बदली होऊन तिथल्या प्राथमिक शाळेत आले होते. नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं. शाळा सुटली की खोलीचं दार लावून पडून राहायची. एका संध्याकाळी भागीबाईंनी दार वाजवलं.

"बाई, आमच्यात एक कमी पडते."

"मला नाही येत खेळता. पन्नाशीला आले मी."

"मी साठीची हाय. मना तरी कुठं येतो? चला."

पहिला चेंडू थेट माझ्या छातीवर आदळला. सगळ्या खो खो हसल्या आणि नवल म्हणजे मीही हसले. खेळून झालं की आम्ही बांधावर बसून कोरा चहा प्यायचो. कुणी सुनेचं सांगायचं, कुणी गुडघ्याचं. सावळी विधवा होती. पुरुषमाणूस समोर आला की तिचा आवाज घशातच राहायचा. तीसुद्धा तिथं घडाघडा बोलायची. मला रात्रीची झोप लागायला लागली. भागीबाईंचा हात आपली वेणी आपण घालण्याइतका वर जाऊ लागला.

त्यांचा मुलगा मोखाड्याला कचेरीत कारकून होता. एकदा भर खेळात येऊन उभा राहिला.

"आई, शोभतं का हे? कचेरीत लोक हसतात मला."

भागीबाईंनी चेंडू काखेत धरला. "तुझा बाप गेला तवा यातले कितीजण रडाया आले होते? हसत्यात तर हसू दे. सर बाजूला, चेंडू लागंल."

पुढे त्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी विसावा घ्या म्हणून सांगितलं. "विसावा सरणावर हायेच की," म्हणत त्या परत आल्या. मागच्या रांगेत उभ्या राहून हलके चेंडू झेलायच्या, पण हाक तीच, खणखणीत.

वैशाखात एका दुपारी, जेवून आडव्या झाल्या होत्या, तशाच गेल्या.

दिवसकार्य उरकल्यावर आम्ही खाचरात गेलो, तर मुलगा बांधावर उभा.

"आई होती म्हणून गप्प होतो. आता इथे खेळायचं नाही."

सावळी पुढे झाली. तिनं बांबूवरच्या गाठी सोडल्या, नेट गुंडाळून खांद्यावर टाकलं आणि त्याच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाली, "खाचर तुझं, भाऊ. नेट आमचं."

भर बाजारातून आम्ही निघालो. दुकानांच्या फळ्यांवर बसलेले पुरुष टकामका बघत होते. शाळेच्या मैदानावर तरुण मुलं व्हॉलीबॉल खेळत होती.

"आजी, इथे आमचा डाव चाललाय," एकजण म्हणाला.

"चालू दे ना. तुमचा झाला की आमचा," सावळी म्हणाली आणि मैदानाच्या कडेला मांडी ठोकून बसली. आम्हीही बसलो. पोरांनी मुद्दाम डाव लांबवला. आम्ही उठलो नाही. शेवटी कंटाळून त्यांनी आपला चेंडू उचलला.

तोवर अंधारून आलं होतं. चेंडू नीट दिसत नव्हता. तरी आम्ही खेळलो.