प्रसाद उंबरठ्याबाहेर जात नाही

माझे धाकटे दीर जबलपुरातच, मदन महलला राहतात. गंभीर गोष्ट असली की ती त्यांना फोनवर बोलता येत नाही, मग ते स्कूटर काढून कांचघरला माझ्या घरी येतात. श्रावण सरत आला होता तेव्हा असेच आले. अर्धा चहा प्याले, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, यंदापासून महालक्ष्म्या आमच्याकडे बसवाव्या म्हणून राहिलो."

पुण्याकडे ज्यांना गौरी म्हणतात त्या आम्हा नागपूरकडच्या लोकांच्या महालक्ष्म्या. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी. भाद्रपदात तीन दिवस माहेरपणाला येतात आणि जेवून-खाऊन परत जातात. आमच्या घराण्याचे पितळी मुखवटे सासऱ्यांनी फॅक्टरीत नोकरी लागली तेव्हा नागपूरहून जबलपूरला आणले. भाऊ वेगळे झाले तरी महालक्ष्म्या वेगळ्या होत नाहीत, थोरल्याच्या घरी राहतात, म्हणून त्या आमच्याकडे होत्या. थोरला म्हणजे माझा नवरा. तो गेला त्याला तेव्हा वर्ष उलटलं होतं, आणि दुखवट्याच्या त्या वर्षी महालक्ष्म्या बसवल्या नव्हत्या.

"काहून?" मी विचारलं.

"घरात सवाष्ण नाही ना आता. मुखवटे आत कोण आणणार?" हे ते माझ्याकडे बघून बोलले. पुढचं फरशीकडे बघून बोलले. "आणि लोक बोलून राहिले, वहिनी. तुम्ही चर्चमधी जाता, मजारीवर जाऊन बसता. अशा घरी महालक्ष्म्या... अच्छा नहीं लगता. मी पेटी घेऊन येतो, तुम्हाला त्रास नको."

"कोण लोक? त्यांना पाठवा इकडे. त्यांनाही अर्धा कप चहा देते," मी म्हणाले. "आणि पेटी आणू नका, भाऊजी. रिकामीच परत न्यावी लागेल."

ते गेले. मी कप उचलला आणि दोनदा घासला. भीतीनं नव्हे, रागानं, पण थोडी भीतीही होती. लेक बेंगळुरूला असते. ती फोनवर माझं मराठी ऐकते आणि हिंदीत उत्तर देते, वर्षातून एकदा दिवाळीला येते. बाकी माझ्या दारात पाहुणी म्हणून हक्कानं येणाऱ्या या दोघी बहिणीच. दर वर्षी नवरा चिंच लावून मुखवटे घासायचा, नाकाच्या शेंड्यापाशी जास्त वेळ घासायचा आणि म्हणायचा, धाकटीला सर्दी झालीय. ते मुखवटे पेटीत घालून मदन महलला गेले असते तर माझ्या घरी येणारं कोणी उरलंच नसतं.

चर्च आणि मजार कुठून आली ते सांगते. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

नवरा गेल्यावर माझ्या घरात टीव्ही दिवसभर चालू असायचा. मी बघत नव्हते, नुसता आवाज हवा होता. देवघरात दिवा लावायचे, पोथी उघडायचे, ओळीवरून डोळे फिरायचे आणि डोक्यात दुसरंच चालायचं. डॉक्टरांना आधी का नाही दाखवलं, त्या दिवशी मी चिडून का बोलले, हाच तमाशा. नातेवाईक यायचे आणि सांगायचे, जप करा. मी जप केला. माळ फिरायची, मी जागच्या जागी.

शेजारच्या घरात एक ख्रिश्चन बाई राहतात, रेल्वेच्या दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स. मी त्यांना दीदी म्हणते. नवऱ्याच्या शेवटच्या आजारात त्याला कुशीवर वळवायला त्याच यायच्या. एका सकाळी त्या दारात उभ्या राहिल्या, टीव्ही बंद केला आणि म्हणाल्या, "चलो, मेरे साथ बैठो. कुछ करना नहीं है." मी गेले. चर्चमध्ये सगळ्यात मागच्या बाकावर बसले. पुढे काय चाललं होतं त्यातलं मला काही कळत नव्हतं. कोणीतरी खोकलं, कोणाच्या तरी चपला वाजल्या. मग प्रार्थनेच्या मधे सगळे एकदम गप्प झाले, आणि माझ्या डोक्यातला तमाशाही गप्प झाला. फार वेळ नाही. पण मी रडले, आणि दीदींनी माझ्याकडे पाहिलं नाही, हे त्यांचे उपकार. प्रसादासारखं काही देत होते तेव्हा मी उठले नाही. ते त्यांचं होतं, आणि मी काही धर्म बदलायला गेले नव्हते, बसायला गेले होते.

मजारीचंही तसंच. बाजारात कमानिया गेटच्या मागे एका गल्लीत साडीला पिको-फॉल करणाऱ्या एक आपा आहेत. महालक्ष्म्यांच्या साड्यांना फॉल त्याच लावतात, माझ्या सासूबाईंच्या काळापासून. दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून त्या जवळच्या एका पिराच्या लहानशा मजारीच्या पायरीवर जाऊन बसतात. एकदा मी साडी न्यायला गेले तर त्या तिथं होत्या. मीही बसले. बाजाराचा गोंगाट, ई-रिक्षांचे भोंगे, आणि त्या पायरीवर तीच गप्प जागा. ओळखीची वाटली. मग मी अधूनमधून जायला लागले.

पुढे एकदा सकाळी घरच्याच देवघरापुढे बसले होते. वात सरळ केली, हात पुसले, आणि ती जागा तिथंही होती. चर्चच्या बाकावरची, मजारीच्या पायरीवरची, तीच. ती आधीपासून माझ्या घरात होती आणि मला दिसत नव्हती. दुसऱ्यांच्या दारात जाऊन बसले तेव्हा कुठे आपल्या घरातली सापडली. काखेत कळसा म्हणतात तो असा.

सगळे धर्म एकच, असं मी म्हणत नाही. ते भाषणात म्हणायचं वाक्य आहे, आणि म्हणणारे घरी जाऊन कामवालीचा कप वेगळा ठेवतात. दीदींचा येशू दीदींचा, आपांचा अल्ला आपांचा, माझ्या महालक्ष्म्या माझ्या. पण माणूस ज्या ठिकाणी गप्प होतो ते ठिकाण कोणाच्या बापाच्या मालकीचं नाही. आणि शांती मिळाली की बाई गरीब गाय होते, असा लोकांचा जो समज आहे तोही सोडून द्यावा. मला शांती मिळाली तेव्हापासूनच नाही म्हणता यायला लागलं. त्याआधी मी दिरांना पेटी भरून दिली असती, वर मुखवट्यांवर मऊ कपडा घालून दिला असता.

मग मी तयारीला लागले. महालक्ष्म्यांच्या जेवणात आमच्याकडे कढीत पडवळ लागतंच, आणि जबलपूरच्या बाजारात पडवळ मिळवणं म्हणजे सोनं शोधणं. ते काम नेहमी दीर करायचे, कुठल्या तरी ओळखीच्या माळ्याकडून आणायचे. यंदा त्यांनी आणलं नाही आणि मी मागितलं नाही. जाऊबाईंचा फोन आला, "ताई, रागावू नका, हे म्हणून राहिले की आम्ही येणार नाही." मी म्हटलं, "बरं." मुखवटे चिंच लावून मीच घासले. धाकटीच्या नाकापाशी जास्त वेळ लागला.

आवाहनाच्या दिवशी खरी पंचाईत होती. आमच्यात मुखवटे सुपात घेऊन एकजण दारातून आत येते, कुंकवाच्या पावलांवरून. आत दुसरी बाई उभी असते आणि विचारते, कोण आलं? आणणारी म्हणते, महालक्ष्मी आली. कशाच्या पावलांनी? सोन्याच्या पावलांनी. मग स्वयंपाकघर, कोठीची खोली, कपाट, सगळं तिला दाखवत न्यायचं. इतकी वर्षं मी आणायचे आणि आधी सासूबाई, मग जाऊबाई विचारायच्या. सवाष्ण नसलेल्या बाईनं मुखवटे आणू नयेत, हे मला माहीत होतं. हेही माहीत होतं की या दोघी बहिणी माझ्या दाराशी येऊन उभ्या आहेत आणि मी स्वतःच्या कपाळाकडे बघून त्यांना परत पाठवणार नाही. सूप मीच उचललं. पण आतून विचारणार कोण?

दीदी फुलं घेऊन आल्या होत्या, पायरीपाशी उभ्या होत्या. मी त्यांना म्हटलं, "दीदी, तुम्ही आत जा. मी दारात आले की विचारा, कौन आया है."

"मैं?" त्या म्हणाल्या. "चलेगा?"

"मला चालेल."

त्या आत गेल्या. त्यांच्या गळ्यात क्रॉस होता, तो त्यांनी पदराआड घेतला. मी म्हटलं, "राहू द्या बाहेर." मग मी बाहेर उभी राहिले, सूप छातीशी धरून. गल्लीतल्या दोन बायका गच्चीवरून बघत होत्या. बघू दे म्हटलं.

"कौन आया है?" दीदींनी आतून विचारलं. वॉर्डात विचारावं तशा मोठ्या, स्पष्ट आवाजात.

"महालक्ष्मी आली," मी म्हणाले. पुढचा प्रश्न त्यांना सांगायला मी विसरले होते. पण इतकी वर्षं भिंतीपलीकडून त्यांनी हे ऐकलं होतं. "कैसे पाँव से आई?" त्यांनी विचारलं. "सोन्याच्या पावलांनी," मी म्हणाले आणि उंबरठा ओलांडला.

दुसऱ्या दिवशी जेवण. पुरण, सोळा भाज्या, आंबील, कढी पडवळाशिवाय. महालक्ष्म्यांना म्हटलं, यंदा एवढंच, दिरांना विचारा. पंगतीला दीदी होत्या, गल्लीतल्या त्या गच्चीवरच्या दोघींपैकी एक होती, आणि आपा होत्या. आपांनी आधीच सांगितलं होतं, "मैं हाथ नहीं जोड़ूँगी, बहन. लेकिन तुम्हारे घर खाना ज़रूर खाऊँगी." मी म्हटलं, बस्स, तेवढंच हवंय. नैवेद्याचं पान वेगळं, पंगतीची पानं वेगळी, त्यात अडचण कसली? त्या आल्या तेव्हा मुखवट्यांकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि साडीच्या काठावर नजर फिरवली. फॉल नीट बसलाय की नाही ते पाहत होत्या.

पानं वाढत होते तेव्हा जाऊबाई आल्या. हातात स्टीलचा डबा. कुळाचार चुकल्याचं पाप नको म्हणून आल्या असाव्यात, त्यांना दोष देत नाही. महालक्ष्म्यांना हळद-कुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि हळूच म्हणाल्या, "ताई, यांच्यासाठी थोडा प्रसाद द्या ना डब्यात. हे बाहेर स्कूटरवर थांबलेत."

आणि इथं मला हसू आलं, कारण हा नियम सासूबाईंचा, आणि त्यांच्या धाकट्या मुलाला तो माझ्यापेक्षा चांगला ठाऊक. महालक्ष्म्यांचा प्रसाद घराबाहेर जात नाही. उरलेलं अंगणात पुरतात, पण उंबरठ्याबाहेर कोणाला देत नाहीत, भावालाही नाही, मुलीलाही नाही. ज्याला हवा त्यानं आत यायचं, पानावर बसायचं. आत कोणी यायचं नाही, असा मात्र नियम सासूबाईंनी कधी सांगितला नव्हता.

मी दारात गेले. दीर स्कूटरवर बसले होते, हेल्मेट डोक्यावरच.

"भाऊजी, डबा भरता येत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"वहिनी, थोडासा..."

"तुम्ही कुळाचाराबद्दल सांगायला आला होता ना? हा कुळाचार आहे. आत पान मांडलंय. दीदी आहेत, आपा आहेत. बसायचं तर त्यांच्या शेजारी बसावं लागेल. नसेल बसायचं तर तेही चालेल. पण महालक्ष्म्या या घरून कुठे जाणार नाहीत, आणि त्यांचा प्रसादही नाही. मी पुरणपोळीवर तूप घालायला जाते, गार होऊन राहिली."

मी आत आले. दाराकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि बघितलं नाही. तूप वाढलं, कढी वाढली. मग हेल्मेट ठेवल्याचा आवाज आला, आणि चपला काढल्याचा. दीर आत आले, मुखवट्यांपुढे बराच वेळ हात जोडून उभे राहिले. धाकटीच्या नाकाकडे बघत होते बहुतेक, तो विनोद त्यांच्या भावाचाच होता. मग आपांच्या शेजारचं पान रिकामं होतं तिथं बसले, पानाभोवती पाणी फिरवलं आणि खाली मान घालून जेवले. आपांनी त्यांच्याकडे मिठाची वाटी सरकवली. त्यांनी घेतली.

 पुरण वाढताना मला जाणवलं की खोलीत ती गप्प जागा आहे, बाकावरची, पायरीवरची, आणि आज त्यात दीरही बसलेत, त्यांना कळलं असो वा नसो.

जाताना दारात ते थांबले. हेल्मेट हातात फिरवत म्हणाले, "वहिनी, कढीत पडवळ नव्हतं."

"नव्हतं."

"पुढच्या वर्षी मी आणून देतो."

"आणा, भाऊजी," मी म्हणाले. "माणसं मी बोलावीन."