शेरवानीची वरची गुंडी

हैदराबादला विद्यापीठात शिकायला मिळणं म्हणजे काय, हे आमच्या परभणीकडच्या पेडगावात मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. तिथं म्हणे पोरांना रोज मेजवानी, लोळायला गाद्यागिरद्या, आणि बाहेर पडलं की थेट हाकिमाची खुर्ची. मी आपला ऐकून घेत असे.

खरं सांगायचं तर तिथं घंटा होती. उठायची घंटा, जेवायची घंटा, तासाची घंटा. दगडी इमारत इतकी देखणी की पाहुणे माना वर करकरून बघत. आम्ही खाली बघून पळत असू, कारण हजेरी चुकायची. सगळं शिक्षण उर्दूत. गणित मला मनातल्या मनात मराठीत सुटे. ते उर्दूत मांडेपर्यंत मास्तर फळा पुसून मोकळे. शेजारच्या खाटांवर जहागीरदारांची, अंमलदारांची पोरं. ती वाईट वागत असं मुळीच नाही. परभणी म्हटलं की 'अच्छा' म्हणत आणि आपसात बोलू लागत.

आम्ही लिंगायत. घरी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय अन्न नाही. तिथं ते शेरवानीच्या आत असे आणि पूजा घंटेच्या धाकानं उरकायची. पहिल्या वर्षी मी पांघरुणात तोंड खुपसून रडलो. दुसऱ्या वर्षी रडू येईना, तेव्हा वाटलं, सवय झाली. सवय कसली? मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो, तसं आतलं सगळं झालं होतं. पास मात्र होत होतो.

त्या उन्हाळ्यात मी ठरवूनच निघालो होतो. परत जायचं नाही, हे अप्पांना सांगायचं.

प्रवासात कपडे बदलले नव्हते. गळ्यापर्यंत गुंड्या लावलेली शेरवानी तशीच अंगात. दारात उभा राहिलो तर आईनं पदर पुढं ओढला आणि आत वळली.

"आवो, भायेर या. तहशिलीतलं कुणीतरी आलंय."

आमच्याकडं शेरवानी म्हणजे कचेरी, दुसरं काय? अप्पा धोतर सावरत आले आणि तोंडाकडं न बघताच हात जोडून वाकले. "या सरकार, बसा."

"अप्पा, मी हाय."

त्यांनी मान वर केली, आणि असे हसले की खांबाला धरावं लागलं. "बापालाच फशिवलंस की! सख्ख्या बापाला!"

पाणीही पिऊ न देता त्यांनी मला गल्लीतून फिरवलं. पारावरची माणसं लगबगीनं उठून उभी राहत, मग अप्पा टाळी वाजवून सांगत, "बसा, बसा, आमचंच पोरगं हाय!" इतक्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला काहीही वाटलं नाही.

घरी येऊन मी शेरवानी खुंटीला अडकवली आणि सरळ चुलीपाशी गेलो. आई भाकरी थापत होती.

"आई, मला परत जायचं न्हाई. तितं कायबी वाटंनासं झालंय मला."

तिचा हात थांबला. "मारत्यात का तुला?"

"न्हाई."

"उपाशी ठेवत्यात?"

"न्हाई. कुणी कायच करत न्हाई."

यातून तिला काय कळावं? पण कळलं. तिचे डोळे भरून आले. माझेच कोरडे होते, आणि त्याची मला लाज वाटली.

तेवढ्यात ओसरीवरून अप्पांची हाक आली. "आरं, ती शेरवानी घालून भायेर ये! चारठाण्याचे पाव्हणे आलेत, त्यांला दावायचंय."

आईनं पिठाचे हात पदराला पुसले. खुंटीवरची शेरवानी काढून माझ्यापुढं धरली.

"लय वर्सं हात जोडल्यात रे त्यांनी," ती म्हणाली. "कचेरीच्या दारात हुबं राहून."

मी बाह्यांत हात घातले. खालून एकेक गुंडी लावत ती गळ्यापाशी आली. तिथं लिंगाच्या दोऱ्याला तिची बोटं अडली. दोरा तिनं आत सारला, आणि वरची गुंडी लावली.