सूपभर कोंड्याला इकलेलं पोर

मपल्या भावजयीला आख्खा गाव दगडाच्या काळजाची म्हनायचा. म्हनू द्या. लोकांचं काय, उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. पन तिला तसं केलं कुनी, ते गावाला ठावं न्हाई. मला ठावं हाय, कारन ते मी केलं. आता मपलीबी हाडं मसनात जायची येळ आली, तवा एकदा सांगून मोकळी हुते.

मी बनुबाई. नवरा पटकीत गेला तशी बाविसाव्या वर्षी माघारी आले ती कायमचीच. घरात तिघंच. भाऊ रंगनाथ, त्याची बायको मालन अन् मी. आमचं गाव पारनेर तालुक्यात. बाजरी-मटकी पिकली तर पिकली, न्हाईतर देवाच्या नावानं बोंब. मालन लई चपळ अन् हसरी बाई. मधल्या भितीवरनं शेजारच्या मुबारकबीसंगं बोलत बसली की भानच न्हाई ऱ्हायाचं. मी वरडायचे, "अगं, भाकर करपली!" तर म्हनायची, "करपलेली मी खाते वन्सं, तुमी कशाला जीव काढता?" हे मुद्दाम सांगते. गावानं नंतरचीच मालन ध्यानात ठिवली.

तिला तीन लेकरं झाली अन् तिन्ही गेली. पयला पोरगा आठव्या दिवशी गेला. त्याचा जबडा असा आवळला की दुधाचा थेंब आत जाईना, अंग मागं ताठ झालं, अन् तिसऱ्या पहाराला संपला. दुसरी पोरगी बाराव्या दिवशी, पाळना बांधला हुता त्याच सकाळी. तिसरा तीन म्हैन्यांचा झाला, आवाज दिला की हसाया लागला, अन् गोवरात गेला. त्या येळी मालन रडलीसुदिक न्हाई. दूध दाटून छाती दगडावानी झाली तवा भितीला तोंड करून पिळत बसायची, अन् मी बाहिर बसून ऐकायचे.

तिला चवथ्यांदा दिवस गेले तवा लढाई चाललेली. कापड मिळंना, रॉकेल मिळंना. पन आमच्या घरात लढाईचं कुनाला सोयरसुतक? एकच घोर, हे लेकरू जगलं पायजे. मालन एकदा म्हनाली, "वन्सं, ह्ये गेलं तर मीबी ऱ्हात न्हाई." ती उगं बोलनारी न्हवं.

आमची सुईन दगडाबाई. तिनंच तिन्ही बाळंतपनं केली हुती, अन् तिच्याबी जिवाला लागलं हुतं. ती म्हनाली, "बने, सटवाईला तुमच्या घराची वाट पाठ झालीया. लेकरू पडल्या पडल्या इकून टाक." ही रीत आमच्याकडं पैल्यापास्नं हाय. ज्या बाईची लेकरं जगत न्हाईत, तिनं जन्मलेलं पोर दुसऱ्या घरी सूपभर कोंड्याला इकायचं. पाचवीला सटवाई कपाळावर लिवायला आली की तिला पोर दिसतं दुसऱ्याचं. सव्वा म्हैना गेला की तेवढाच कोंडा देऊन माघारी घ्यायचं. तवर आईनं त्याला मपलं म्हनायचं न्हाई, मुका घ्यायचा न्हाई, कौतिक करायचं न्हाई. पाजायचं, पन दुसरीचं पोर पाजावं तसं.

मी मुबारकबीकडं गेले. गनीभाई पिंजाऱ्याची ती बायको. चार पोरांची आई, धाकटी शमशाद अजून अंगावर पीत हुती. मी बोलायच्या आदीच ती म्हनाली, "टाक माझ्या पदरात. चार हायेत, पाचवं काय जड हाय?" गनीभाई रजई टाचत बसला हुता. तो मान वर न करता म्हनाला, "माघारी देताना ही रडंल, ते आत्ताच सांगून ठिवतो."

घरी येऊन मी मालनला बजावलं. म्हनलं, "नीट ऐक. एकदा जरी जीभ घसरली तरी सगळं पान्यात." तिनं मपल्या पायाला हात लावला अन् म्हनाली, "तुमी सांगाल तसं."

पौषातल्या थंडीत, भर दुपारी पोरगं झालं. चांगलं टनटनीत, सुपाएवढं. रडलं ते पार गल्लीत ऐकू गेलं. अन् सटवाईला चकवायला मी काय वरडावं? "दगड झाला गं बाई, दगड!" मालन बाजेवर कोपरावर उठली, म्हनाली, "बघू तरी." मी म्हनलं, "दगडाचं काय बघायचं?" अन् फाटक्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून मागल्या दारानं काढलं.

मुबारकबी सूप भरून उभीच हुती. मी रीतीपरमानं बोलले, "घे बाई, घरात नगं झालंय, इकते." तिनं सूप मपल्या हातात दिलं, पोर घेतलं, अन् रीतबीत सोडून माझ्यावरच तडकली, "अगं बया, गाठोडं आवळावं तसं आवळलंय! तुझ्या हाताला काय म्हनू मी?" तितंच त्याला सोडलं, पदराखाली घेतलं. कोंड्याला घेतला म्हनून कोंडीबा, असं नावबी तिनंच ठिवलं. कोंडा मी म्हशीला घातला.

मग सुरू झाला सव्वा म्हैना. मालनच्या बाजेखाली शेगडी, उशाला विळा, सगळं बाळंतिनीचं हुतं, फकस्त बाळ न्हवतं. पाचवीला आमच्या घरात पाटा-वरवंटा पुजला न्हाई. दिवसातनं सात-आठदा मुबारकबी पोर घेऊन यायची अन् दारातनं म्हनायची, "माझ्या लेकराला जरा पाजतीस का गं?" मालन म्हनायची, "आन तुपलं लेकरू." भितीकडं तोंड करून पाजायची, झालं की हात लांब करून माघारी द्यायची. अन् मी? मी उंबऱ्यात बसून राखन करायची, फौजदारावानी. ती त्याच्याकडं किती बघती, तेबी मोजायची.

सातव्या दिवशी मपलंच डोकं ठिकान्यावर न्हवतं. दुसऱ्या दिवशी आठवा, पयला गेला तो दिवस. रातभर डोळ्याला डोळा न्हाई. सकाळी मुबारकबी पोर देऊन पान्याला गेली. मी शेगडीत गवऱ्या घालत हुते. वळून बघते तर मालननं त्याचा पाय धडप्यातनं बाहिर काढलाय अन् व्हटाला लावलाय. डोळे मिटलेले. मला इतका राग आला की काय सांगू! राग कसला, भ्याव हुतं ते. मी पाय तिच्या हातातनं हिसकला अन् म्हनलं, "तीन खाल्लीस, प्वाट भरलं न्हाई का? ह्येबी खातीस?"

बोलले. हाच शबुद बोलले. तीन लेकरं मातीआड केलेल्या बाईला.

तिनं पाय धडप्यात घातला, नीट गुंडाळला. मला वाटलं, बरं झालं, भेली, आता रीत पाळंल. माझ्यासारखी अक्कलशून्य बाई पंचक्रोशीत घावायची न्हाई.

आठवा दिवस गेला, पोरानं दूध वडलं. बारावा गेला. रंगनाथ औताला जाताना मुबारकबीच्या अंगनातनं वळसा घालून जाया लागला. म्हनायचा, वाट जवळची हाय. कशाची जवळची? चांगली दोन शेतं लांबची. जीव अडकला हुता त्याचा.

विसाव्या दिवशी पोराची छाती भरली. बरगड्या आत-बाहिर व्हायला लागल्या, दूध वडंना. दगडाबाई आली, वव्याची धुरी दिली, छाती शेकली, अन् मला बाजूला घेऊन म्हनाली, "आशा धरू नगंस." गनीभाईनं पिंजनीची कमान उतरवून ठिवली, कापसाचा तंतू पोराच्या नाकात जाईल म्हनून. तीन दिवस त्याचं काम बंद. मुबारकबी पोराला उघड्या छातीशी धरून, वर रजई घेऊन, बसल्या जागेवरनं उठली न्हाई. दूध पिळून चमच्यानं थेंब थेंब घालायची. मी मालनला म्हनलं, "चल, येऊन बघ तरी." रीत मोडली तर मोडली, असं झालं हुतं मला. मालन म्हनाली, "मी नगं. मी गेल्यावर मरंल त्ये." अन् स्वताचं दूध वाटीत काढून भितीवरनं द्यायची, दर दोन घटकंला. पन पाऊल भितीपलीकडं टाकलं न्हाई.

चवथ्या दिवशी सकाळी पोर खनखनीत रडलं अन् छातीला लुचलं. मी धावत येऊन सांगितलं, "वाचलं गं!" मला वाटलं आता तरी ती रडंल. ती म्हनाली, "तिच्यापाशी हुतं म्हनून वाचलं." एवढंच बोलून भाकरी थापाया लागली.

सव्वा म्हैना भरला. मालननं न्हाऊन लुगडं बदललं. मी बाजरीचा कोंडा चाळून सूप भरलं, मुबारकबीसाठी जपून ठिवलेला चोळीचा खन काढला, गूळ-शेंगदाने घेतले. रंगनाथनं धुतलेला पटका बांधला. पाच-सहा आयाबाया आल्या. मुबारकबीनं जुन्या शर्टाची कुंची शिवून पोराला घातली हुती. तिचे डोळे सुजलेले. गनीभाईनं सांगितलंच हुतं. पन बाई सच्ची. दोन्ही हातांनी पोर पुढं केलं अन् म्हनाली, "घे गं मालन. लई दिस सांभाळली तुझी ठेव."

मालननं हात पुढं केले. पोरानं तिच्याकडं बघितलं. दूध वळखत असंल, तोंड वासलं. तिचे हात कुंचीपर्यंत गेले अन् तितंच थांबले. मग तिनं ते पदराखाली घातले.

"न्हाई," ती म्हनाली. "मला नगं. तुझ्यापाशी जगतंय, तितंच ऱ्हाऊ दे."

रंगनाथ वरडला, "याड लागलं का तुला? पोर आपलं हाय!"

"म्हनूनच," ती म्हनाली. "आपली तीन हुती."

मी पुढं झाले, तिचा दंड धरला. म्हनलं, "मालन, रीत पुरी झाली गं. सटवाई गेली. आता भ्याव न्हाई." तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यात राग न्हवता. राग असता तर मी पाय धरले असते. ती हळूच म्हनाली, "वन्सं, मला चवथं खायचं न्हाई."

आयाबाया खाली बघाया लागल्या. मला धरनीनं पोटात घ्यावं असं झालं. मी तितंच सगळ्यांदेखत म्हनलं, "मी बोलले ते खोटं हुतं गं. भ्यानं बोलले. मपल्या जिभंला किडं पडू दे." ती मान हलवत ऱ्हायली, जसं काय लहान पोराची समजूत घालतीय. खरं-खोटं तिच्या लेखी कवाच ठरून गेलं हुतं. तीन दिवस पोर मरनाच्या दारात हुतं अन् ती लांब ऱ्हायली म्हनून वाचलं, हे तिनं डोळ्यांनी बघितलं हुतं. तिच्यापुढं मपली माफी ती काय?

मग काय? कोंडा माघारी आनला. पोर मुबारकबीकडंच ऱ्हायलं. बापाचं नाव रंगनाथचं, पन जेवन-झोप तिकडं. मुबारकबीनं गळ घातली, दूध तरी तुपलं दे, म्हनून वर्सभर मालन पाजत ऱ्हायली, भितीकडं तोंड करून. रंगनाथ तिच्याशी सा म्हैने बोलला न्हाई. कोंडीबा जगला. आज त्याला नातवंडं हायेत. मालनला मरस्तवर चुलती म्हनत ऱ्हायला, अन् तिला तेच पायजे हुतं. त्यानंतर तिला मूल झालं न्हाई.

लोक म्हनतात, सवय झाली असंल तिला. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मी काय बघितलं ते सांगते.

दीड वर्साचा हुता कोंडीबा. भितीला गनीभाईनं खिंड पाडून दिली हुती, त्यातनं दुडूदुडू आमच्या अंगनात आला. अंगनात मालन मटकी पाखडत हुती. पोराचा पाय उखळाला अडकला अन् तोंडावर आपटलं. व्हट फुटला. उठलं, भोकाड पसरलं, अन् समोर जी बाई दिसली तिच्याकडं धावलं. मालन उभी ऱ्हायली, तर तिच्या पायाला मिठी मारून गुडघ्यात तोंड खुपसलं. तिनं दोन्ही हात वर धरले, कमरेएवढ्या पान्यात उभं ऱ्हावं तसं. लुगड्याला रगत लागलं, लाळ लागली. पन हात खाली येईनात.

मी वट्ट्यावरनं वरडले, "अगं घे की त्याला! आई हायेस तू त्याची!"

तिनं मपल्याकडं बघितलंसुदिक न्हाई. मान भितीकडं वळवली अन् हाक मारली, "मुबारकबी! लवकर ये गं! तुपलं पोरगं पडलंय!"