नानांचे अकरा हात

वईवाल्या नानांचा उजवा हात म्हणजे आमच्या वाडीचं मोजमाप होतं. करवंदीच्या काट्यांनी ओरबाडलेला तो काळा हात कोपरापासून बोटांपर्यंत जिथे टेकेल, तिथे हद्द. वई म्हणजे काट्याकुट्यांचं कुंपण. दर पावसात ती कुजते, दर वर्षी नवी घालावी लागते, आणि दर वर्षी शेजारी चार बोटं सरकल्याची कुरबूर होते. पाऊस सरला की नाना कोयता घेऊन यायचे, ते वई घालायला आणि ही कुरबूर ऐकायला.

मी माहेरची खेडची. ऐंशी सालानंतर लग्न होऊन गुहागरकडच्या या आगरात आले. नवरा मुंबईला, घरात मी आणि सासूबाई. पलीकडे सासूबाईंची चुलतजाऊ, अक्का. आल्या आल्या मला बजावणी झाली, "त्या घरची मिरचीसुद्धा आणायची नाही हो!" का, तर हद्दीवरच्या सात पोफळी. अक्काच्या नवऱ्याने वारायच्या आदल्या वर्षी लावलेल्या. वाटणीच्या जुन्या कागदात आमच्या विहिरीपासून अकरा हात आमचे, अक्काच्या पडवीपासून नऊ हात तिचे, असं लिहिलेलं. पण हात कुणाचा, ते लिहायचं शहाण्यांना सुचलंच नाही! आमचे कैलासवासी मामंजी ताडमाड उंच होते. त्यांच्या हाताने पोफळी आमच्यात यायच्या, अक्काच्या मुलाच्या हाताने तिच्यात.

नाना कुणाचेच नव्हते आणि दोघींचे होते. चहा आमच्याकडे घेतला तर पान अक्काच्या पडवीवर. वईची एक गाठ आमच्या तोंडाला, दुसरी तिकडे. मी एकदा थट्टा केली, "नाना, तुम्ही निवडणुकीला उभे राहा." तर म्हणाले, "नको गो सूनबाय. तिथले काटे दिसत नाय."

एका वर्षी मात्र प्रकरण हातघाईवर आलं. नवऱ्याचं मुंबईहून पत्र आलं, "सरकारी मोजणी मागवा, मी कोर्टात जातो." तिकडे अक्काच्या मुलाचंही तेच. त्या दिवशी विहिरीवर पाणी काढताना मी पाहिलं, अक्का एकेका पोफळीला हात लावत रडत होती. पण सासूबाईंपुढे बोलायची माझी काय टाप! त्यांचं एकच, "अकरा म्हणजे अकरा. साडेदहा चालायचे नाहीत."

नाना म्हणाले, "मोजणी येईल तेव्हा येईल. आधी माझ्या हातान मोजू दे. दोघींनी उभ्यान बघायचा, आणि मग तोंड उघडायचा नाय."

दोघी कबूल झाल्या. विहिरीच्या काठाशी नाना गुडघ्यांवर बसले आणि कोपर टेकत मोठ्याने मोजू लागले. खुणेच्या काड्या घेऊन मी शेजारीच होते, म्हणून मला दिसलं. नानांची मूठ मिटलेली होती! प्रत्येक हाताला चार बोटं तरी जात होती. अकरा झाले ते पोफळींच्या अलीकडेच. मग ते अक्काच्या पडवीकडे गेले. तिकडून मोजताना बोटं अशी ताणलेली की दुखत असावीत. नऊ झाले. दोन्ही खुणा जेमतेम एका जागी आल्या, आणि साती पोफळी अक्काकडे राहिल्या.

"अकरा भरले?" सासूबाईंनी विचारलं.

"भरले."

"मग घाला वई."

खोटं कशाला सांगू, मला रागच आला. जमीन आमची गेली होती. पाणी देताना मी म्हटलं, "नाना, आमच्या वेळी मूठ मिटलीत."

ते गटागटा पाणी प्यायले. "तुझ्या सासूला आकडा हवा होता, अक्काला पोफळी. जिला जा हवा ता दिला. आता तू सांगणार असशील तर सांग जा."

मी नाही सांगितलं. त्या वर्षी पोफळींचं पहिलं शिपूट, सुपारीचा सबंध घड, अक्काने वईवरून आमच्याकडे दिलं. सासूबाईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं. पुढे मिरच्याही येऊ लागल्या, आणि दुपारी दोघी वईच्या दोन बाजूंना बसून तासन् तास बोलू लागल्या.

चार-पाच वर्षांनी ऐन श्रावणात नाना गेले. दोन्ही घरांत त्या दिवशी चूल उशिरा पेटली. पाऊस सरला, वई कुजून आडवी झाली, पण दुसऱ्या गड्याला बोलवायला कुणाचा जीव होईना. दिवाळीला नवरा आला तो मुंबईहून टेप घेऊन. "आता एकदा खरं मोजू. नानांनी आपल्याला फसवलं असणार."

सासूबाई ओटीवर सुपारी कातरत होत्या. अडकित्ता न थांबवता म्हणाल्या, "फसवलंनच. मूठ मिटून मोजलंन."

मी चपापलेच. "तुम्हाला ठाऊक होतं? मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर अक्का माझ्याशी जन्मात बोलली असती का गो?"

अडकित्ता खाली ठेवून त्या उठल्या. सत्तरीची बाई, माझा खांदा धरत विहिरीपाशी आली आणि कशीबशी गुडघ्यांवर बसली. पलीकडे अक्का पडवीत येऊन उभी राहिली होती. सासूबाईंनी कोपर जमिनीला टेकलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मूठ घट्ट मिटली.

"एक," त्या मोठ्याने म्हणाल्या.