खांब धरून निघालेला माणूस

“अक्का, तिला जिना चढू देऊ नको म्हणून सांगून आल्तो ना मी? मंग? आन् ती वर काय करून राह्यली? तिला म्हणाव बस गुमान. मी आलोच म्हण.”

हा आवाज कागदावर कसा उतरवू? समोरच्या डोंगरावरून दोन गाड्या बर्फ खाली घसरला, एवढंच सांगतो. हॉटेलची म्हातारी मालकीण किटली हातात धरून जागच्या जागी थांबली. त्या गावात मोठ्यानं बोलायची रीतच नव्हती. लाकडी घरं, एक चर्च, घराखालच्या गोठ्यांत गाई, आणि माणसं अशी हळू बोलणारी की एकमेकांवर रुसलीत की काय असं वाटावं. फोनवरची अक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. ती आणि जिना चढणारी लेक आष्टीत, परतूर तालुक्यात. हे स्वित्झर्लंडच्या डोंगरात, खिडकीच्या कठड्यापर्यंत चढलेल्या बर्फाआड. आणि म्हणे आलोच.

हे म्हणजे आष्टीचे बियाणेवाले. आम्हा बियाणे दुकानदारांत कोणी कोणाला नावानं हाक मारत नाही, गावानं मारतो. माझं दुकान जालन्यात मस्तगडला, म्हणून मी ‘मस्तगड’ आणि ते ‘आष्टी’. ‘आलोच म्हण’ हा त्यांचा जन्मभराचा मंत्र. कोणा शेतकऱ्याचं बियाणं उगवलं नाही म्हणून फोन आला की नोकराला सांगायचे, “आलोच म्हण,” आणि दुसरा चहा मागवायचे. पण जायचे. उशिरा का होईना, जायचेच. बांधावर उकिडवे बसून नखानं माती उकरत एकेक दाणा वर काढून बघायचे, आणि शेतकऱ्याच्या देखत त्या दाण्याला चार शिव्या द्यायचे.

फक्त एकदा त्यांचं ‘आलोच’ हुकलं होतं. लेक जन्मली तेव्हा हे बियाण्याच्या ट्रकवर आंध्रात होते. बातमी तिसऱ्या दिवशी कळली. बायको त्यावर कधी एक शब्द बोलली नाही, आणि तेच त्यांना लागून राहिलं होतं. बायको जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. तीच लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि ह्या वेळी आपण दारात उभं असायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

मग परदेशात कशाला कडमडले? कंपनीनं नेलं. आम्ही कपाशीचं बियाणं इतकं खपवलं होतं की माझ्या हिशेबानं चंद्रावरही दोन एकर लागवड झाली असेल. कंपनीनं खूश होऊन अकरा दुकानदारांना बर्फावर घसरायला पाठवलं. डॉक्टरनं दिलेली तारीख तीन आठवडे पुढं होती, टूर आठ दिवसांची. लेकीनंच बॅग भरून दिली. “जाऊन या पप्पा. नुसते दारात येरझारा घालून राह्यले तुम्ही.”

पहिल्या दिवशी आम्हाला लोखंडासारखे बूट आणि लांबलचक पट्ट्या चढवल्या. मी एका दमात सारा डोंगर उतरलो. बसून उतरलो, पण उतरलो. आष्टी मात्र चार पावलं घसरायचे, थांबायचे आणि मागं वळून बघायचे. पट्ट्यांच्या दोन रेघा बर्फात उमटलेल्या.

“पाभरीवानी दिसून राह्यलं बराबर,” ते म्हणाले. “पण ओळ वाकडी गेली.”

आणि ओळ सरळ करायला पुन्हा वर. शिकवणाऱ्या बाईनं कपाळाला हात लावला. दुपारपर्यंत त्या उतारावर पेरणीला तयार अशा ओळी पडल्या होत्या. ह्यानंतर ते कुठल्याच टूरला आले नाहीत, त्यामुळे तशी पेरणी पुन्हा बघायला मिळाली नाही.

त्या रात्री बर्फ सुरू झाला. तीन दिवस पडला. मी तर म्हणतो चर्चचा कळस तेवढा दिसत होता. आमच्यातले बाकीचे म्हणतात, गुडघ्याएवढा होता; त्यांचे गुडघे उंच असतील. खरी गोष्ट एवढीच की खाली दरीत डोंगराचा कडा कोसळावा तसा बर्फ कोसळला आणि रस्ता, रेल्वे दोन्ही गाडले गेले. गावातून बाहेर जायला वाट उरली नाही. टूरवाले साहेब म्हणाले, “एन्जॉय करा.” त्याच दिवशी अक्काचा फोन आला, की पोरीची कंबर दुखून राहिलीय.

मग आष्टींनी खोलीत ज्या येरझारा घातल्या, त्यानं गालिचा मधून पातळ झाला. हेलिकॉप्टर फक्त आजाऱ्यांना नेतं असं कळल्यावर ते माझ्या पलंगाशी आले.

“मस्तगड, तुम्ही पडा आजारी.”

“मी कशाला? तुम्ही पडा.”

“तुमची तब्येत पेशंटला शोभून दिसते. मी नातेवाईक म्हणून संगं बसतो. पेशंटला एकटं कोण सोडतं हो?”

आपल्या दवाखान्यात पेशंटमागे चार नातेवाईक, दोन पिशव्या आणि एक डबा असतो, त्यामुळे मलाही ते पटलं. मी पोट धरून असा कण्हलो की गोठ्यातल्या गाईंनी चारा सोडला. डॉक्टर आले, पोट दाबलं, एक गोळी दिली. साहेबांनी त्यांचं म्हणणं आम्हाला सांगितलं: पेशंट ठणठणीत आहे, आणि नसता तरी नातेवाइकाला जागा नाही.

“विचारा त्यांना,” आष्टी म्हणाले, “उभ्यानं आलो तर?”

चौथ्या दिवशी सकाळी आभाळ निवळलं आणि आष्टी गायब. अंथरूण घडी केलेलं, बॅग जागेवर, फक्त घरून आणलेल्यातल्या उरलेल्या दोन दशम्या नाहीत. साहेबांचा चेहरा बर्फापेक्षा पांढरा झाला. चार माणसं दरीच्या रस्त्यानं शोधायला गेली. मी हॉटेलात थांबलो, कारण कोणीतरी थांबायला हवं होतं आणि चहा नुकताच आला होता.

दहाच्या सुमाराला मागचं दार उघडलं. आष्टी आत आले. भुवयांवर बर्फ, नाक लालभडक, पण तोंडावर हसू. पाय आपटून बूट झटकले आणि मालकिणीकडे बघत ओरडले, “स्टेशन? ट्रेन? किधर?”

मग त्यांना मी दिसलो.

“मस्तगड,” ते म्हणाले, “तुम्ही कव्हा आलात इकडं?”

त्यांचं झालं होतं असं. पहाटे खिडकीतून त्यांना बर्फात रोवलेले लाल टोकाचे खांब दिसले, ओळीनं गावाबाहेर जाणारे. आपल्या शिवारात वाट चुकली की माणूस विजेचे खांब धरून चालतो. खांब कुठल्यातरी गावात पोचवतातच. तेच त्यांनी केलं. झाडीतून, ओढ्यावरून, मांड्यांपर्यंत रुतत तीन तास खांबामागून खांब. शेवटी घरं दिसली, चर्च दिसलं, आणि त्यांना वाटलं, आलं पुढचं गाव. पण ते खांब होते पट्ट्या लावून लांबवर फिरायला जाणाऱ्यांच्या वाटेचे. ती वाट गावाला वळसा घालते आणि त्याच गावात परत येते.

मी सांगितलं. आष्टींनी खिडकीतून खांबांच्या ओळीकडे पाहिलं.

“गोल हाये का,” ते म्हणाले. एवढ्या वर्षांत इतक्या हळू बोललेले मी त्यांना ऐकलं नव्हतं.

मला हसू आलं होतं, ते ओठांतच राहिलं. मालकिणीनं त्यांचे मोजे काढले आणि शेगडीजवळ वाळत घातले.

संध्याकाळी फोन आला. अक्का म्हणाली, “मुलगी झाली. दोघी बऱ्या हायेत.”

“ती काय म्हणली?”

“काय म्हणणार? दुपारपासून विचारून राह्यली होती, पप्पा आले का म्हणून.”

आष्टींनी बरं म्हटलं आणि फोन दोन्ही हातांत धरून बसून राहिले.

रस्ता उघडायला आणखी दोन दिवस लागले. विमानात त्यांनी लेकीला काय सांगायचं ते रचायला घेतलं. वाढवून सांगणं हे माझं खातं, म्हणून मी मदत केली. बर्फ तीन मजले केला, गावातले चार लोक गाडले, शेवटी लांडगे आणले.

“लांडगे नको,” ते म्हणाले. “तिला पटणार न्हाई.”

मुंबईहून गाडी केली ती थेट आष्टीला. सकाळ होती. बाळंतिणीच्या खोलीत ओव्याची धुरी, लेक कानाला फडकं बांधून बसलेली, मांडीवर दुपट्यातलं बाळ. आष्टी उंबऱ्यावर उभे राहिले, एक पाय आत, एक बाहेर. मी मागं होतो, अडलंच तर पुरवायला.

“पोरी, बर्फ लई...” ते म्हणाले आणि थांबले. रचलेलं सगळं कुठं गेलं कोण जाणे. मग म्हणाले, “मी चालत निघाल्तो.”

लेकीनं त्यांच्याकडे पाहिलं. दुपट्याचं टोक बाळाच्या डोक्यावर ओढून घेतलं.

“आत येऊन दार लावा पप्पा,” ती म्हणाली, “गार लागून राह्यलं तिला.”